पहिल्या दोन उंचवट्यांवरच माझा भरवसा

लांबीवरून माशांचं वय ओळखायचं तर आधी मोजपाटीवर मासा ठेवायचा, तोंड मिटवून पुढच्या फळीला टेकवायचं, शेपटी सरळ करून आकडा वाचायचा. शेपटीच्या टोकापर्यंत मोजायचं की बेचक्यापर्यंत, हे एकदा ठरलं की शेवटच्या माशापर्यंत तेच. असे शेकडो आकडे जमले की एकेक सेंटिमीटरच्या गटांत मांडून स्तंभालेख काढते. त्यात उंचवटे दिसू लागतात, आणि मला ते बघायला अजूनही फार आवडतं. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी 1890च्या दशकात याच उंचवट्यांवरून वयोगट ओळखले. मासे ठरावीक हंगामात पैदास करतात, त्यामुळे एका पिढीची लांबी एका सरासरीभोवती गोळा होते.

उंचवटे एकमेकांत मिसळले असतील तर ते वेगळे करायला मी संख्याशास्त्रज्ञ भट्टाचार्यांची 1967ची पद्धत वापरते, तीही आधी हातानेच. एका गटात 12 मासे आणि पुढच्यात 30, तर 30 भागिले 12 याचा नैसर्गिक लॉग येतो 0.92. असे लॉग गटांच्या सीमांसमोर मांडत गेलं की मधले काही बिंदू उतरत्या सरळ रेषेत येतात. ती रेषा शून्याला जिथे छेदते, ती त्या वयोगटाची सरासरी लांबी. कोणते बिंदू रेषेत धरायचे हे आपल्या नजरेवर असतं, म्हणून सगळं संगणकावर सोपवणं मला पटत नाही.

खरी अडचण मोठ्या माशांची. समजा एखादी जात जास्तीत जास्त 30 सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि तिचा वाढीचा गुणांक, म्हणजे त्या कमाल लांबीकडे जाण्याचा वेग, वर्षाला 0.5 आहे. बर्टलान्फी यांच्या वाढीच्या समीकरणानुसार ती पहिल्या वर्षी 11.8, दुसऱ्या वर्षी 19, तिसऱ्या वर्षी 23.3, चौथ्या वर्षी 25.9 सेंटिमीटर भरते. सुरुवातीला सात सेंटिमीटरचं अंतर, पुढे अडीचचं. एकाच वयाच्या माशांत तेवढा फरक सहज असतो, म्हणजे तिथे नुसत्या लांबीवरून वय सांगता येत नाही. तरी लोक तिथेही पाच-सहा वयोगट पाडतात, याचा मला मनापासून त्रास होतो. त्या आकड्यांवरूनच पुढे मृत्युदर निघतो आणि किती मासेमारी करायची तेही ठरतं.

पहिले दोन उंचवटेसुद्धा तपासून घ्यावे लागतात. जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचा आकार, मोठा असेल तर पिल्लं निसटतात आणि पहिला उंचवटा उजवीकडे ढकलला जातो. वर्षातून दोनदा पैदास होत असेल तर दोन उंचवट्यांत सहाच महिन्यांचं अंतर असू शकतं. म्हणून दर महिन्याचे आलेख एकाखाली एक लावते आणि तोच उंचवटा उजवीकडे सरकतोय का ते बघते. त्यापुढच्या माशांसाठी प्रत्येक लांबीगटातून थोड्यांचे ओटोलिथ, म्हणजे कानातले खडे, काढून त्यांवरची वयाची वलयं मोजते.