खुनाची जाहिरात, बाळंतपणाची जाहिरात

"तुमच्याकडे म्हणे न्यायाधीश निवडणुकीला उभे राहतात, आणि ती निवडणूक गर्भपातावर होते. खरंय का हे?"

साताऱ्याला गेले की हा प्रश्न ठरलेला. कधी मामेभाऊ विचारतो, कधी शाळेतली मैत्रीण. मागच्या खेपेला तर बँकेतल्या साहेबांनी पासबुक परत देता देता विचारला. आजवर "हो, असतं तसं काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही मात्र चहा ठेवून, पंखा लावून विचारलंत, म्हणून नीट सांगते.

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहते, मिलवॉकी शहराच्या पश्चिमेला, वॉकेशा काउंटीत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश इथे लोक निवडून देतात, हे खरं आहे. मुदत दहा वर्षांची, मतदान एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी. कागदावर पक्ष नसतो. कागदावर आपल्या ग्रामपंचायतीलाही नसतोच.

आता गर्भपाताचं. त्यासाठी आईला मध्ये आणावं लागेल, कारण ही निवडणूक मला तिच्यामुळे कळली.

2023 च्या जानेवारीत आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. बाहेर गुडघाभर बर्फ, फिरायला जायची सोय नाही, म्हणून दिवसभर टीव्ही. इंग्रजी तिला वाचता येतं, पण इथल्या लोकांचं बोलणं कानाला लागत नाही. दोन दिवसांत तिने आवाज बंद करून टाकला आणि नुसतं बघत बसायला लागली. संध्याकाळी सहाच्या बातम्या लागल्या की परात मांडीवर घेऊन मेथी निवडायची. मी ऑफिसातून येऊन बूट काढत असायचे तेवढ्यात तिची घोषणा व्हायची, "आली बघ खुनाची." अर्ध्या मिनिटाने, "आता बाळंतपणाची."

मला आधी कळेचना. मग शेजारी बसून पाहिलं. आईने आवाजाशिवाय अख्ख्या प्रचाराची वर्गवारी करून टाकली होती, आणि ती बरोबर होती.

खुनाच्या जाहिरातीला रंग नसतो. सगळं करडं, निळसर, सीसीटीव्हीतून पाहिल्यासारखं. पोलिसांची पिवळी फीत, रस्त्यावर गाडीचे लाल-निळे दिवे. मग उमेदवारबाईंचा फोटो, जगातला सगळ्यात वाईट, तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटत असताना काढलेला. तो हळूहळू मोठा होत जातो. शेवटी एखाद्या गुन्हेगाराला त्यांनी किती कमी शिक्षा दिली त्याचा आकडा, लाल अक्षरात. बाळंतपणाच्या जाहिरातीत सकाळ असते. खिडकीतून ऊन, ओट्यावर मग, पांढऱ्या कोटातली एखादी डॉक्टर किंवा लेकीच्या केसांवरून हात फिरवणारी आई. आणि मग एकदम काळ्या पडद्यावर चार आकडे, 1849.

"हे काय गं, कुठलं साल?" आईने विचारलं.

ते कायद्याचं साल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये रो विरुद्ध वेड खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला होता, तो 24 जून 2022 ला काढून घेतला आणि म्हटलं, ज्या त्या राज्याने आपलं बघावं. विस्कॉन्सिनने आपलं बघितलं तर कपाटात 1849 चा कायदा निघाला, कधीच रद्द न केलेला. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला सहा वर्षांपर्यंत तुरुंगवास. अपवाद एकच, बाईचा जीव वाचवायचा असेल तर. त्याच दिवशी राज्यातल्या दवाखान्यांनी गर्भपात थांबवले आणि बायका सीमेपलीकडे इलिनॉयला जायला लागल्या. हा कायदा लागू होतो की नाही याचा निवाडा शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात होणार होता, आणि तिथे सातातली एक जागा रिकामी होत होती. म्हणून ही निवडणूक गर्भपाताची.

आई म्हणाली, "1849 म्हणजे भिडेवाड्यातली शाळा सुरू होऊन वर्ष झालेलं." नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे सावित्रीबाईंचं साल तिला विचारावं लागत नाही.

आई एकतीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम होती, गावात सगळे तिला सिस्टर म्हणायचे. गर्भपात हा शब्द मी तिच्या तोंडून फारसा ऐकलेला नाही. कामावरचा शब्द एमटीपी. गावातल्या बायका म्हणायच्या, पिशवी साफ केली. आपल्याकडे हा कायदा 1971 चा, ज्या समितीच्या शिफारशीवरून तो आला तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह, महाराष्ट्राचे मंत्री. एवढ्या मोठ्या गोष्टीवर आपल्याकडे कुणी कधी सभा मारली असेल असं मला आठवत नाही. त्याचं कारण आपण पुढारलेले होतो असं नाही. सरकारला तेव्हा लोकसंख्येची काळजी होती, बाईच्या हक्काची भाषा त्यात नंतर आली. पण मुद्दा प्रचारात आला नाही हे खरं.

मी अपवादाचं सांगितलं तेव्हा आईचा हात मेथीवर थांबला. "जीव वाचवण्यापुरता म्हणजे किती? ताप चढेपर्यंत थांबायचं? रक्तात विष पसरेपर्यंत? ते कोण ठरवणार, वकील?" आणि मग, "बेळगावची ती दाताची डॉक्टर पोरगी अशीच गेली ना, तिकडे आयर्लंडमध्ये?"

सविता हलप्पनवार. 2012, गॉलवे. मला तिचं नाव आठवायला क्षणभर लागला, आईला नाही.

तिला दुसरी एक गोष्ट खटकली, आणि तीच मला पुढे सगळ्यांत महत्त्वाची वाटली. आपल्याकडे सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी असते ना, गर्भलिंगनिदान करणं कायद्याने गुन्हा आहे, तशी. आईच्या डोक्यात गुन्हा आणि गर्भपात हे दोन शब्द फक्त त्या पाटीमुळे एकत्र येतात. मुलगी आहे म्हणून पाडलं तर गुन्हा. इथे तिला कळेना की कुठलंही कारण असलं तरी डॉक्टरच आरोपी. "म्हणजे दोन्ही जाहिराती गुन्ह्याच्याच की," ती म्हणाली. "एक म्हणते चोर मोकाट सुटलाय, दुसरी म्हणते डॉक्टरला चोर केलाय."

इथले वाहिन्यांवरचे पंडित महिनोन्महिने चर्चा करत होते की गुन्हेगारी हा मुद्दा चालणार की गर्भपात. जणू एकाच ताटात दोघांना जेवायचं नाही.

उमेदवार दोन होते. जॅनेट प्रोटासेविच, मिलवॉकीच्या न्यायाधीश, त्याआधी पंचवीसहून अधिक वर्षं सरकारी वकील. दुसरे डॅन केली, याच सर्वोच्च न्यायालयात आधी काही वर्षं बसलेले. बाईंच्या, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने 1849 चालवलं, केलींच्या, म्हणजे रिपब्लिकन बाजूने करडा-निळा रंग. ज्या बाईने आयुष्य आरोपींना तुरुंगात पाठवण्यात घालवलं तिलाच गुन्हेगारांची कैवारी ठरवायचं म्हणजे कष्टाचं काम, पण न्यायाधीशाने शेकडो निकाल दिलेले असतात, त्यातले दोनचार निवडून काढणं अवघड नसतं. अशाच एका जाहिरातीत एका बलात्काराच्या खटल्यातली शिक्षा दाखवली होती. त्या खटल्यातल्या पीडितेनेच पत्रकारांना सांगितलं की त्या जाहिरातीने आपली जखम पुन्हा उघडली. तिला विचारलंच नव्हतं कुणी.

खुनाच्या जाहिरातीचं घराणं जुनं आहे. 1988 मध्ये मायकल डुकाकिस अध्यक्षपदाला उभे होते. त्यांच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात कैद्यांना शनिवार-रविवारची सुट्टी मिळायची. विली हॉर्टन नावाचा खुनातला कैदी तसा सुटला, परत गेला नाही आणि त्याने मेरीलँडमध्ये एका घरात घुसून बलात्कार केला. हॉर्टन काळा होता, आणि त्याचा चेहरा विरोधकांच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत का दाखवला जातोय हे न बोलता सगळ्यांना कळत होतं. डुकाकिस हरले. तेव्हापासून हा साचा तयार आहे. उमेदवार बदलतो, चेहरा बदलतो, ढोल तोच.

2022 च्या सिनेटच्या निवडणुकीत तो आमच्या दारात वाजला. मँडेला बार्न्स हे डेमोक्रॅटिक पक्षाचे तरुण, काळे उमेदवार ऑगस्टमध्ये मार्क्वेट विद्यापीठाच्या पाहणीत रिपब्लिकन रॉन जॉन्सन यांच्या सात टक्के पुढे होते. मग जाहिराती सुरू झाल्या, धोकादायक हा शब्द दर दहा मिनिटांनी. ऑक्टोबरच्या पाहणीत जॉन्सन सहा टक्के पुढे. बार्न्स यांनी उत्तर दिलं, गर्भपातावर स्वतःच्या आईलाही बोलायला बसवलं, पण शेवटी सुमारे 27,000 मतांनी हरले. सगळं श्रेय जाहिरातींना देता येणार नाही. पण त्याच दिवशी, त्याच मतदारांनी बार्न्स यांच्याच पक्षाचे टोनी एव्हर्स यांना राज्यपाल म्हणून पुन्हा निवडलं, जे 1849 च्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या बाजूचे होते. हे आईला मी तीनदा समजावलं. ती म्हणाली, "मग त्यात काय? घरात चोर नको आणि दवाखाना बंद नको, दोन्ही एकाच माणसाला वाटू शकतं."

मला वाटलं होतं. इथे मला जरा खरं बोलायला हवं.

21 नोव्हेंबर 2021 ला वॉकेशात नाताळची मिरवणूक होती. एका माणसाने तिच्यात गाडी घातली. सहा माणसं गेली, त्यात आठ वर्षांचा एक मुलगा, आणि नाचत चाललेल्या आज्यांच्या पथकातल्या काही बायका. साठच्या वर जखमी. तो माणूस आधीच्या गुन्ह्यात काहीच दिवसांपूर्वी 1,000 डॉलरच्या जामिनावर बाहेर आलेला. तो रस्ता आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. थंडी होती म्हणून त्या दिवशी आम्ही गेलो नव्हतो, एवढंच. त्यामुळे जामिनावरची जाहिरात लागली की मी तिला नुसता प्रचार म्हणून झटकू शकत नाही. ती माझ्या भीतीवर बेतलेली आहे, आणि भीती खोटी नाही. बेतणारा लबाड असला तरी.

4 एप्रिल 2023 ला मतपत्रिकेवर न्यायाधीशाच्या नावाखाली आणखी काही प्रश्न होते, त्यातला एक जामिनाचा. जामीन ठरवताना न्यायाधीशाला आरोपीचे आधीचे हिंसक गुन्हे बघता यावेत, अशी राज्यघटनेत दुरुस्ती करायची का? मी वर प्रोटासेविच यांचा गोल भरला आणि खाली "हो"चा. केंद्राबाहेर येऊन गाडीत बसले आणि वाटलं, आपण कुठल्या जाहिरातीचं ऐकलं नेमकं?

निकाल लागला तेव्हा कळलं की मी काही एकटी नव्हते. प्रोटासेविच 11 टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. जामिनाची दुरुस्ती सुमारे दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाली. एकाच कागदावर, एकाच पेनाने.

एक तपशील राहिला. आपल्याकडे मतदानाच्या 48 तास आधी प्रचाराच्या तोफा थंडावतात. इथे थंडावत नाहीत. मतदानाच्या संध्याकाळीही खुनाची लागली, बाळंतपणाची लागली. उमेदवाराने स्वतः दिलेली जाहिरात वाहिनीला कापायचाही अधिकार नसतो, कितीही खोटी असली तरी. पैसा केवढा? एका न्यायाधीशाच्या जागेसाठी 4 कोटी डॉलरच्या वर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सव्वातीनशे कोटी रुपयांहून जास्त. आईने हा आकडा ऐकून विचारलं की एवढ्यात किती सब-सेंटरं झाली असती. मी हिशेब केला नाही, तिने मनात केला असणार.

2025 मध्ये पुन्हा एक जागा निघाली. त्या वेळी आकडा 10 कोटी डॉलरच्या आसपास गेला आणि एलॉन मस्क यांनीही त्यात पैसे ओतले. सूझन क्रॉफर्ड जिंकल्या, पण या वेळी मजा अशी की दोन्ही बाजूंनी खुनाचीच जाहिरात उचलली. यांनी त्यांच्या कमी शिक्षा दाखवल्या, त्यांनी यांच्या. क्रॉफर्ड यांच्या बाजूने तर समोरच्या ब्रॅड शिमेल यांच्यावर आरोप होता की ते राज्याचे ॲटर्नी जनरल असताना बलात्काराच्या तपासण्यांचे नमुने पडून राहिले. मी आईला व्हिडिओ कॉलवर टीव्ही दाखवला. आवाज तिकडूनच बंद करायला लावला तिने. "अगं, ही कुणाची आता?" पहिल्यांदाच तिला रंगावरून पक्ष ओळखता येईना.

मग 2 जुलै 2025 ला निकाल आला. 1849 चा कायदा लागू नाही, चार विरुद्ध तीन. मी फोन केला तेव्हा साताऱ्यात रात्र झाली होती, पण ती जागीच होती.

"चारात ती आहे का, अर्धवट तोंड उघडलेली?"

"आहे."

"तिचा एक तरी बरा फोटो पाठव," आई म्हणाली.