पत्रा वाजतो तेव्हा

तुर्भे एमआयडीसीतला हा गाळा पूर्वी वर्कशॉप होता. आता तिथे शनिवारी टेक्नो वाजतं. मालकांचा फोन आला : "सबवूफर, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, फाटलेत; नवे कोणते घेऊ?"

जाळ्या काढून स्पीकरचे कोन, म्हणजे आतले हलणारे पडदे, दाबून पाहिले, कुठेच घासत नव्हते. चारही सब एकेकटे वाजवले, आवाज स्वच्छ. मग साइन टोन, म्हणजे एकच शुद्ध सूर, ३० ते १२० हर्ट्झ सावकाश चढवत नेला. ५२ हर्ट्झला डोक्यावर खडखडाट सुरू झाला. परांचीवरच्या पोऱ्याने पत्र्यावर तळवा टेकवला की तो थांबायचा. हूक-बोल्टखालचे डांबरी वॉशर वाळून तडकले होते, पत्रा पर्लिनवर, म्हणजे छताच्या आडव्या आधारावर, आपटत होता. ते काढून रबरी वॉशर घातले. नट बेताने आवळायचा. जास्त आवळला तर पत्रा दबतो आणि पावसाळ्यात नेमका तिथेच गळतो.

पण पत्रा वाजेपर्यंत बेस चढवावा का लागत होता? खरी चूक तिथे होती. सब स्टेजच्या दोन टोकांना, दहा मीटर अंतरावर ठेवलेले. ६० हर्ट्झची लाट आपल्या हवेत साधारण ५.८ मीटर लांब. स्टेजपासून आठ मीटरवर मधोमध उभं राहिलं तर किक, म्हणजे ड्रमचा खोल ठोका, छातीत बसते. तीन मीटर बाजूला सरकलं की दोन्हीकडच्या अंतरात अर्ध्या लाटेचा फरक पडतो आणि किक गायब. कडेचे लोक कुरकुरतात, डीजे आवाज वाढवतो. चारही सब मधोमध एका ओळीत, एकमेकांना चिकटवून लावले. कडेलाही किक पोचली, आणि बेस पूर्वीपेक्षा खाली ठेवून काम भागलं.

सब मध्ये आल्यावर टर्नटेबल घुमायला लागलं. पोकळ प्लायच्या स्टेजचा कंप सुईत शिरतो, तोच पुन्हा सबमधून बाहेर पडतो. टेबलावर रबरी पॅड, त्यावर जाड कडप्पा, त्यावर टर्नटेबल. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई ठेवून मिक्सरचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती कळ, उघडला, टेबलावर टिचकी मारली. घूं झालं नाही.

बर्लिनच्या बेर्घाइन या टेक्नो क्लबचे फोटो इथे सगळे दाखवतात. ती वीज-उष्णता केंद्राची जुनी, भक्कम काँक्रीटची इमारत. १५० मिमी काँक्रीटचं वजन चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या वर, अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं जेमतेम चार. बेस अडवायला वजनच लागतं, भिंतीवरचा फोम तिथे काही करत नाही.

म्हणून शेवटी मीटर घेऊन कुंपणाशी गेलो. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, पण ती 'ए' मापनात, म्हणजे खालचे सूर कमी धरणाऱ्या मोजणीत, आणि 'ए' ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल कमी दाखवतं. आकडा नियमात बसतो आणि शेजारच्या खिडक्या थरथरतात. मालकांना खालचे सूर फारसे न वगळणाऱ्या 'सी' मापनातला आकडा लिहून दिला, आणि रात्री दहानंतर रोलिंग शटर पूर्ण खाली ठेवायला सांगितलं.