आमचा पहिला अल्बम: १४ महिने, ८ गाणी आणि बदलत गेलेला साउंड (माझा अनुभव)

मागच्या आठवड्यात आमचा पहिला अल्बम एकदाचा पूर्ण झाला. ८ गाणी, आम्ही चौघं सोलापूरचेच (गिटार माझ्याकडे), आणि रेकॉर्डिंग सगळं शहराच्या पूर्व भागात बेसिस्टच्या घराच्या वरच्या खोलीत. सलग ऐकलं तर पहिलं आणि आठवं गाणं एकाच बँडचं वाटत नाही, ज्यांना ऐकवलं त्यातल्या बऱ्याच जणांनी हेच विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय. घरी अल्बम करायचं कुणाच्या मनात असेल तर उपयोग होईल.

सुरुवातीला डोक्यात फक्त अमेरिकेतलं सिअ‍ॅटल होतं. तिथल्या ग्रंज (खरखरीत, जड गिटारच्या) रॉकमधला बँड निर्वाणा, त्यांचा पहिला अल्बम 'ब्लीच' १९८९ ला आला, साधारण ३० तासांत रेकॉर्ड झाला आणि खर्च ६०६.१७ डॉलर, हा आकडा मला तोंडपाठ. कमी पैशात होतं एवढंच आम्ही त्यातून उचललं, ३० तासांकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

आमच्याकडे दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा डबा), एक कंडेन्सर माइक, एक साधा डायनॅमिक माइक आणि लॅपटॉप. दोनच माइक म्हटल्यावर ड्रमला एक किकसमोर (पायाने वाजतो तो मोठा ड्रम) आणि दुसरा ड्रमरच्या डोक्यावर टांगलेला, स्नेअरला (खणखणीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमला) वेगळा माइक नाही, म्हणजे मिक्समध्ये स्नेअर वर, सिंबल (धातूच्या थाळ्या) खाली असलं काही करताच येत नाही, हाताचं वजन ड्रमरनेच सांभाळायचं. बिचाऱ्याने दोन महिने फक्त सिंबल हळू मारायची प्रॅक्टिस केली.

खोली घुमायची. बेसिस्टच्या काकांनी सेकंडच्या (किरकोळ दोष असलेल्या) मालातल्या दहा-बारा चादरी दिल्या. त्या आधी भिंतीला चिकटवून लावल्या, फार फरक पडला नाही, मग भिंतीपासून वीतभर अंतर सोडून दोरीवर टांगल्या तेव्हा वरचा खणखणाट बसला. बेसचा घुमारा मात्र चादरीने जात नाही, त्यासाठी कोपऱ्यात गाद्या उभ्या केल्या. खाली माग चालू असले की ड्रम आणि गाणं बंद, तेवढ्या वेळात गिटार थेट इंटरफेसमध्ये लावून घ्यायची. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, टेक (रेकॉर्ड करायचं एकेक वाजवणं) चालू असताना पंखा बंद, गिटार दर दोन टेकनंतर ट्यूनमधून उतरायची.

पहिली तीन गाणी इंग्लिशमध्ये, ड्रॉप डी ट्युनिंग (सगळ्यात जाड तार एक सूर खाली उतरवलेली), डिस्टॉर्शनच्या (मुद्दाम फाटवलेल्या आवाजाच्या) गिटारच्या चार-चार लेअर. ती आम्हाला आवडतात, अजूनही आवडतात.

चौथं गाणं गायकाने मराठीत लिहून आणलं, त्याच्या आजीवर, ती आयुष्यभर विड्या वळायची. शब्द वाचूनच आम्ही गप्प झालो होतो. नेहमीसारखं रेकॉर्ड केलं, रात्री घरी आईला ऐकवलं तर ती म्हणाली, "चाल चांगली आहे रे, पण तो म्हणतोय काय?" मग मी नीट ऐकलं. 'वळल्या' मधला ळ गायबच, 'वल्या' ऐकू येत होतं. आवाज वाढवला तरी तेच. शब्दांची धार साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असते आणि डिस्टॉर्शनची गिटारही नेमकी तिथंच ठाण मांडून बसते. इक्वलायझरने तेवढा पट्टा कापून बघितला तर गिटार पत्र्याच्या डब्यासारखी. शेवटी गायक म्हणाला, "तुझ्या लेअर काढून बघ की बे एकदा." दोन दिवस मी त्याच्याशी नीट बोललो नाही. मग एकटाच बसलो, चारपैकी तीन लेअर म्यूट केल्या, उरलेली क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय, कॉर्डऐवजी दोनच तारा. आणि आजी विड्या वळताना दिसायला लागली, अक्षरशः. तिथून आमचा साउंड बदलला.

सहाव्या गाण्यात सिंबल शब्द खात होत्या म्हणून हलगी घ्यायचं ठरलं. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत ज्यांचं वाजवणं ऐकत आलो ते एक काका तयार झाले. जुलै महिना, हवा दमट, हलगीचं कातडं सैल. गच्चीवर पुठ्ठे पेटवून ते हलगी शेकायचे, टिपरू मारून कान लावायचे, पुन्हा शेकायचे. आवाज चढला की पळत खाली, दहा मिनिटांत टेक संपवायचा कारण कातडं परत उतरतं. हेडफोनमध्ये क्लिक (लय धरायची टिकटिक) दिली तर काढून ठेवला, म्हणाले, "ह्या टिकटिकीवर मी न्हाई वाजवणार, तुमीच माझ्यावर वाजवा." तसंच केलं. गाणं ९६ बीपीएमला (मिनिटाला ९६ ठोके) सुरू होतं आणि संपेपर्यंत १०३ ला जातं, आणि हा चढ मला अख्ख्या अल्बममध्ये सगळ्यात जास्त आवडतो. शेवटची दोन गाणी पण मग क्लिकशिवायच.

मास्टरिंग (तयार गाण्यांवरचा शेवटचा हात) पुण्यातल्या एका स्टुडिओत, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने दोन चकरा झाल्या. पहिल्या वेळी एवढं लाऊड करून दिलं की हलगीचा घाव सपाट झाला होता. स्ट्रीमिंगवर आवाज तसाही मायनस १४ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास आणतात, त्यामुळे लाऊड करून मिळत काहीच नाही. परत करून घेतलं.

खरं भांडण झालं ते पहिली तीन गाणी नव्या साउंडमध्ये परत करायची का यावर. प्रॅक्टिसला करून बघितली, जीव नव्हता त्यात. रेडिओहेड या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम १९९३ चा, तीनेक आठवड्यांत झालेला, त्यांच्यातला मोठा बदल दिसला तो १९९५ च्या दुसऱ्या अल्बममध्ये. आम्हाला एकालाच १४ महिने लागले, तर बदल त्याच्या आतच दिसणार. म्हणून एकही गाणं बदललं नाही, ज्या क्रमाने रेकॉर्ड झाली त्याच क्रमाने ठेवली.

हलगीवाल्या काकांना पेनड्राइव्हवर सगळी आठ दिली होती. परवा फोन आला, "ऐकली सगळी. पहिल्या तिनात लई घाई करताय पोरांनो." बरोबर आहे त्यांचं.