माया ठेवलीस का गं?

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा. म्हापशाचा बाजार आणि हा पाऊस, सकाळी फक्त नेव्ही ब्लू दोरा आणि हूकची पाकिटं आणायला गेले तर छत्री उलटी होऊन परत आले. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले तरी युनिफॉर्म काही संपत नाहीत. लोक कापड मेमध्ये घेऊन ठेवतात, शिवायला देतात जूनमध्ये, आणि वर "सांजांवाआदीं मेळटलें मगो?" म्हणजे सांजांवच्या, सेंट जॉनच्या सणाच्या आधी, २४ जूनच्या आत हवं; त्या दिवशी इथे लोक विहिरीत उड्या मारतात. विहिरीत उडी मारायला युनिफॉर्म कशाला लागतो देव जाणे.

आज चौदा स्कर्ट होते. लाइट दोनदा गेली, मोटर बंद, मग पायाने मशीन चालवली, गुडघे बोलायला लागले. नऊच्या सुमाराला बाराव्या आणि तेराव्या स्कर्टला मी लबाडी केली. खाली नेहमी चार बोटं माया, म्हणजे आत दुमडायचं जास्तीचं कापड, ठेवते मी, पोरगी वाढली की पुढच्या जूनला उसवून लांब करता येतो, पण चार बोटांची घडी हाताने तुरपावी लागते आणि एका बोटाची असेल तर मशीनवर टीप मारून दोन मिनिटांत मोकळं. कापून टाकली माया. आज कुणाला कळणार, पुढच्या वर्षी कळलं तरी मी म्हणेन कापडच कमी होतं.

आई संगमनेरला शिवायची तेव्हा प्रत्येक कपडा हातात घेऊन उलटा करायची आणि एकच विचारायची, माया ठेवलीस का गं. आज तेच कानात वाजलं आणि चौदावा हातात धरून बसले तशीच.

'जे काही तुम्ही करता ते माणसांसाठी म्हणून करू नका तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा' हे बायबलमधलं वचन मला कित्येक वर्षं नको वाटायचं, खरं सांगते. गोव्यात आल्यावर पहिल्यांदा ज्या शिलाईच्या युनिटमध्ये लागले तिथे ते मशीनच्या वर भिंतीवर फ्रेम करून लावलेलं होतं, आणि मालक स्वतः विश्वासणारा, म्हणजे येशूला मानणारा. रात्री आठपर्यंत थांबवून घ्यायचा, ओव्हरटाइमचं नाव काढलं की फ्रेमकडे बोट. तिथून सुटले तेव्हा ठरवलं की हे वचन मालकांच्या सोयीचं आहे, आपल्याला नको.

मागच्या महिन्यात उपासनेला पाळकसाहेबांनी बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या कलस्सैकरांस पत्राचा तोच भाग घेतला, मी आधी कुरकुरले मनात. पण ते म्हणाले पान उलटा. तिसरा अध्याय पंचविसाव्या वचनाला संपतो आणि चौथ्याचं पहिलंच वचन धन्यांना आहे, की दासांशी न्यायाने वागा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. पौलाने तर सलग पत्र लिहिलेलं, तेही कैदेत. अध्याय पाडले पुढे हजारेक वर्षांनी, वचनांचे आकडे त्याच्याही नंतर, १५५१ साली रोबेर एस्तियन नावाच्या छापखानेवाल्याने. अध्याय नेमका मध्येच तुटला आणि मालकांच्या फ्रेमा अलीकडच्याच तुकड्याच्या झाल्या!

आणि ते लिहिलंय कोणाला, तर गुलामांना. ज्यांना पगार नाही, सुट्टी नाही, शाबासकी तर नाहीच. त्यांना तो म्हणतो तोंडदेखली चाकरी करू नका. म्हणजे धन्याने बघितलं काय नाही काय, तुझं काम त्याच्या नजरेवर टांगलेलंच नाही, असं काहीतरी मला त्यात ऐकू आलं. लिहिणारा पौल स्वतः करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाबरोबर तंबूचं काम करून पोट भरायचा, म्हणजे आमच्याच लाइनीतला. बोटं त्याचीही दुखली असणार.

बायबलमधली कपडे शिवणारी टबीथा मला सगळ्यात जवळची. यापो गावात ती वारली तेव्हा येशूचा शिष्य पेत्र आला, आणि विधवा रडत रडत तिने शिवलेले कपडे त्याला दाखवत होत्या. मला नेहमी वाटतं त्यातल्या एखादीने झगा उलटा करून आतली शिवणही दाखवली असेल. हे कुठे लिहिलेलं नाही, माझ्या डोक्यातलं.

तर मग ते दोन स्कर्ट उसवले. कापलेलं कापड परत येत नाही, पण उरलेल्या तुकड्यांतून चार बोटांच्या पट्ट्या काढल्या, कडेला जोडून आत वळवल्या आणि हाताने तुरपल्या, म्हणजे खाली सोडला की पट्टीचा जोड दिसेल थोडा पण लांबी तरी मिळेल. आमचे हे विचारतात याचे जास्त घेणार का. कशाचे जास्त, माझी चूक.

मग पैशाचा विषय निघालाच म्हणून हिशेबाची वही काढली आणि पोटात गोळा आला. काजं-बटणं करायला जी पोरगी येते ती मंगळवारी आणि काल आठपर्यंत थांबली होती, मी तिला चहा आणि पाव-भाजी दिली आणि वर म्हणाले देव बरें करूं. पैसे लिहिलेच नाहीत. भिंतीवर फ्रेम नाही माझ्या, एवढाच काय तो फरक.

दोन संध्याकाळचे मिळून तीनशे लिहिले. डब्यात दोनशे साठ निघाले, ते पाकिटात घालून तिच्या मशीनवर ठेवलेत, वर बॉबिनची डबी, पंख्याने उडू नये म्हणून. चाळीस उद्या तेराव्या स्कर्टवाली आली की.