मागच्या चाकाचं कोडं सुटलं: रिमची टेप 13 नव्हे, 19 मिमी

निळ्या हायब्रिड सायकलच्या मागच्या चाकातली हवा अखेर टिकली. शनिवारी हवा भरली, रविवारी सायकल नवी मुंबईतल्या मोराज सर्कलपासून बेलापूरच्या किल्ला जंक्शनपर्यंत जाऊन आली आणि सोमवारी सकाळी दाब मोजायच्या गेजचा काटा जिथल्या तिथे. आधीचे वृत्तान्त वाचलेल्यांना या चाकाने किती डोकं खाल्लंय ते ठाऊक आहे. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: 700×35 टायर, डबल वॉल रिम, बरीच वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली सायकल. मागची ट्यूब कधी रस्त्यात बसायची, कधी राइड संपल्यावर सायकल उभी असताना.

आपल्याकडे पंक्चर म्हटलं की पहिला संशय ट्रकच्या टायरमधून सुटलेल्या बारीक तारेवर. ठाणे-बेलापूर रोडचा तुकडा वाटेत असेल तर तो खराही ठरतो. पण तारेचं भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला पडतं. हवा कमी असताना खड्ड्याच्या काठावर आपटलं तर शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. इथे दोन्ही नव्हतं. चीर एकच आणि तीही आतल्या, रिमकडच्या अंगाला.

हे कळायला एक सवय लागते. टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी वॉल्वच्या समोर आणा आणि ट्यूबच्या उजव्या बाजूला पेनाने खूण करा. पंक्चर झालं की ट्यूब टायरवर तशीच धरायची, भोक टायरच्या किंवा रिमच्या कुठल्या जागी आहे ते लगेच दिसतं. टायर आतून तपासायला बोटाऐवजी कापसाचा बोळा फिरवा. तार असेल तर कापूस अडकतो आणि बोट शाबूत राहतं.

आपल्या चिरा दर वेळी स्पोकच्या भोकावर येत होत्या. डबल वॉल रिमच्या आतल्या भिंतीला निपल, म्हणजे स्पोक आवळायचे छोटे नट, घालण्यासाठी मोठी भोकं असतात. त्यांवर मूळची रबरी पट्टी होती, ताणून सैल झालेली. 70 पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) ट्यूब त्या पट्टीसकट भोकात फुगते आणि भोकाची कड तिला कापते. सिंगल वॉल रिमला, कमी हवेला, रबरी पट्टी चालते. इथे नाही.

म्हणून कापडी टेप आणली, आणि खरा वैताग तिथून सुरू झाला. दुकानदाराने “सगळ्याला हीच बसते” म्हणून 13 मिमीची दिली. रिमची आतली रुंदी 19 मिमी. टेप एका अंगाला सरकली, भोकांची अर्धी कड उघडी पडली आणि चिरा पुन्हा त्याच जागी. टेप घेण्याआधी रिमच्या दोन्ही कडांच्या मधलं आतलं अंतर मोजपट्टीने मोजा आणि जवळजवळ तेवढीच रुंद टेप घ्या. त्याहून रुंद नको, ती काठावर चढली की टायर नीट बसत नाही.

सायकल उभी असताना ट्यूब बसण्याचं कारण ऊन. 25 अंशांना 70 पीएसआय भरलेला टायर 45 अंशांपर्यंत तापला की दाब साधारण 5-6 पीएसआयने चढतो. ट्यूब आधीच भोकाच्या कडेवर ताणलेली असेल तर तेवढं पुरतं.

19 मिमीची टेप अशी बसवली: जुनी पट्टी काढून रिम स्पिरिटने पुसली, पूर्ण वाळू दिली. वॉल्वच्या भोकाशी सुरुवात करून ताण देत गोल फिरवली. एका चाकाला साधारण दोन मीटर लागते. वॉल्वसाठी टोच्याने बारीक भोक पाडलं. कात्रीने मोठं कापलं की कड पुन्हा उघडी. हवा मागे 55, पुढे 50 पीएसआय. एवढ्या रुंद टायरला सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसासाठी 70 लागतच नाही, हा हट्ट आता सोडूया.

पॅचबद्दल मत कायम: बिनसोल्यूशनचे चिकट पॅच फक्त घरी पोचण्यापुरते. सोल्यूशनवाला पॅच लावताना ट्यूबवरची शिवणीची उंच रेघ घासून सपाट करा, नाहीतर तिथूनच हवा जाते. सोल्यूशन पातळ लावून चकाकी जाईपर्यंत, म्हणजे पाचेक मिनिटं, थांबा. घाई केली की पॅच सरकतो. टायर काढायचे लिव्हर प्लॅस्टिकचेच. लोखंडी लिव्हरने ट्यूब चिमटते आणि दोष तारेवर जातो.

रविवारच्या ग्रुप राइडची दुसरी चांगली बातमी: नवशिक्यांच्या तुकडीतलं कुणीही चालत परतलं नाही. आठ जण, पुढे एक वाट दाखवणारा, शेवटी एक स्वीप, म्हणजे कुणी मागे राहू नये म्हणून सगळ्यांमागून येणारा, वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा. नेरूळच्या उतारावर ब्रेक दाबून धरण्याऐवजी सोडत-दाबत यायला बहुतेकांना जमलं.

पुढच्या रविवारी पारसिक हिलचा चढ ठरला होता. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की तो आठवडाभर पुढे ढकलावा. त्याऐवजी नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईपाशी थांबून प्रत्येकाने आपलं मागचं चाक स्वतः काढावं: चेन मागच्या सगळ्यात लहान दातेरी चकतीवर, ब्रेक सैल, मग नट. टेप तिथेच मोजू.

ग्रुपच्या सामायिक दुरुस्तीच्या पिशवीतही बदल. 26 आणि 700 या मापांच्या चाकांच्या ट्यूब पुरेत. 27.5 ला अडीनडीला 26 ची ट्यूब ताणून चालते. 28×1½ ची साधी काळी सायकल घेऊन येणाऱ्यांनी ट्यूब स्वतःची आणावी आणि वॉल्वचं रबरही. ते झिजलं की हवा हळूहळू जाते आणि पंक्चर शोधत बसावं लागतं.