क्रिकेट ०७ चा नवा कसोटी रोस्टर आणि मानधनाचा निर्णय

क्रिकेट ०७ या संगणकावरच्या गेमसाठी आपण चाहते जो पॅच (गेममध्ये बदल करणारी फाइल) बनवतो, त्यातला नवा कसोटी रोस्टर, म्हणजे संघ आणि खेळाडूंच्या तपशिलांची यादी, तपासणीला गेला आहे. भारताच्या संघाला या खेपेला बराच वेळ लागला. डिसेंबर २०२४ मध्ये अश्विन थांबला, मे २०२५ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने आधी रोहित आणि मग विराट कसोटीतून निवृत्त झाले, गिल कर्णधार झाला. फलंदाजीचा क्रम जवळजवळ नव्याने लावावा लागला.

चेहरा किंवा जर्सी बनवली की स्क्रीनशॉट फिरतो, बनवणाऱ्याला शाबासकी मिळते. रोस्टर भरणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही. वॉशिंग्टन सुंदर डावखुरा फलंदाज, पण ऑफस्पिन उजव्या हाताने टाकतो. जैस्वालचंही तेच, फलंदाजी डावी आणि लेगस्पिन उजव्या हाताचा. असा एकेक रकाना प्रत्येक संघासाठी उघडून बघायचा, मग सामना लावून खात्री करायची. सगळं बरोबर असलं तर खेळणाऱ्याला यात काही केलंय हे कळतही नाही. म्हणूनच पॅचवर काम करणाऱ्यांना देणगीतून मानधन सुरू करताना पहिला हक्क रोस्टर आणि टेस्टिंगवाल्यांचा, यावर मी ठाम होतो.

हा गेम २००६ सालचा. अधिकृत परवाना ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडपुरता, बाकी संघांत बदललेली नावं. खरी नावं पहिल्यापासून चाहत्यांनीच भरली आणि आजवर गेम त्यांच्याच जिवावर टिकलाय. इतकी वर्षं फुकट राबणाऱ्यांना देणगीतून काही देता येत असेल तर द्यायलाच हवं.

पॅच मात्र मोफतच राहील. एप्रिल २०१५ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्कायरिम या गेमचे मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) स्टीम या तिच्या ऑनलाइन गेम-दुकानात विकायला काढले होते. मॉड करणाऱ्याला विक्रीतले २५ टक्के मिळणार होते. खेळाडू इतके भडकले की चार दिवसांत सगळं मागे घ्यावं लागलं. आपण विकत काहीच नाही. देणगी ऐच्छिक, आणि ती न देणाऱ्यालाही तीच फाइल त्याच दिवशी मिळणार.

मानधन कामागणिक आहे. दर काम घेण्याआधी ठरतो आणि तपासणीत काम पास झालं की पैसे दिले जातात. डाउनलोडच्या आकड्यावर वाटणी करा अशी सूचना आली होती, ती मी मानली नाही. तसं केलं तर मोठ्या संघांच्या जर्सी करायला रांग लागेल आणि झिम्बाब्वेला कोणी हात लावणार नाही. दोघांनी पैसे नको म्हटलं, छंदाची नोकरी होईल ही त्यांची भीती. ती मला पटते, म्हणून पैसे घेतले तरी कुणावर तारीख लादायची नाही, हेही ठरलंय. त्या दोघांचा वाटा टेस्टिंगकडे वळवलाय.

आता वेस्ट इंडिज. फलंदाजांचे रकाने भरून झालेत, गोलंदाजांच्या ॲक्शन उरल्यात. काम घेणाऱ्याने आधी खेळाडूंची नावं कळवावीत, म्हणजे एकाच गोलंदाजावर दोघं बसणार नाहीत.