तार

भेंडी चिरायच्या आधी एकेक फडक्याने पुसून घ्यायची. विळी कोरडी, हात कोरडे. परतताना झाकण ठेवायचं नाही, मीठ अगदी शेवटी, आणि तरीही मनात धाकधूक असेल तर दोन आमसुलं. ही सगळी यातायात कशासाठी, तर तार येऊ नये म्हणून. बुळबुळीत भेंडी ही आमच्या घरात सुनेच्या हाताची परीक्षा असायची, आणि मी त्यात बऱ्यापैकी मार्कांनी पास झाले होते.

मग आम्ही नायजेरियात, लागोसच्या सुरुलेरे भागात राहायला आलो. शेजारीण इग्बो समाजातली. तिला सगळे मोठ्या मुलाच्या नावाने ‘अमक्याची आई’ म्हणून हाक मारत, त्यामुळे मला एकदम गावाकडे आल्यासारखं वाटलं. तिच्याकडे पहिल्यांदा भेंडीचं सूप बघितलं तेव्हा मात्र मी दचकलेच. बाईंनी ओली भेंडी घेतली आणि सरळ किसणीवर किसली! खोबरं किसावं तशी. हिरवा, लसलसता लगदा. त्याने समाधान होईना म्हणून वर चिमूटभर अकान्वू, म्हणजे आपल्या पापडखाराचा भाऊबंद म्हणावा असा क्षार. का? तर तार वाढावी म्हणून.

इथे सूप पीत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. टोमॅटो, लाल ‘ताताशे’ मिरची आणि जहाल ‘आता रोदो’ मिरची वाटून केलेला लालभडक रस्सा म्हणजे ‘स्ट्यू’, तो भाताबरोबर. सूप असतं ते एबा नाहीतर कुटलेल्या याम कंदाच्या गोळ्याबरोबर, आणि त्या गोळ्यांचं नावच ‘स्वॅलो’. गिळा. एबा होतो गारीचा. कसावा किसून, आंबवून, पिळून, भाजला की गारी. ज्या कंदाचा आपला साबुदाणा, तोच हा कसावा. एकादशीला गारी चालेल का, हा प्रश्न मी अजून कुणाला विचारलेला नाही. एक घास तोडायचा, बोटांत वळायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा (मोदकाची पारी करणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही), सूपात बुडवून उचलायचा आणि न चावता गिळायचा. गोळा घशाखाली अलगद उतरतो तो तारेमुळेच. कोरड्या भाजीबरोबर तो खाऊन बघा, म्हणजे माझी भेंडी इथे का नापास झाली ते कळेल.

तारेचा खरा राजा मात्र ओग्बोनो. रानटी आंब्यासारख्या फळाच्या कोयीतलं बी, वाळवून कुटलेलं. लाल पामतेल मंद तापवून त्यात ही पूड विरघळवायची आणि मग थोडंथोडं मटणाचं पाणी घालत घोटायचं. वाटलेली सुकी कोलंबी पडली की आमच्या कोकणातल्या सोड्यांच्या कालवणाचा वास सुटतो आणि जीव जरा थाऱ्यावर येतो. ओक्पोरोको घालायचा तर तो आदल्या दिवशीच भिजत टाकावा लागतो. हा नॉर्वेच्या थंडीत वाळवलेला कॉड मासा, लाकडासारखा टणक. आधीही तो इकडे येत होताच. 1967 ते 1970च्या बियाफ्रा युद्धात, म्हणजे नायजेरियाच्या यादवीत, मदत म्हणून आला आणि पूर्वेकडच्या चुलींवर कायमचा बसला. ओग्बोनोत कांदा घालू नये, तार तुटते, असं शेजारीण सांगते. आणि झाकणही ठेवायचं नाही. नियम अगदी सासूबाईंचा, फक्त कारण उलटं! सूप झालं की ती पळी वर उचलते. पळी तिच्या खांद्याशी येते तरी तार पातेल्यापर्यंत अखंड.

मला हे जमायला चारेक महिने लागले. जमलं आणि नेमक्या सासूबाई महिनाभर राहायला आल्या. त्या रविवारी मी ओग्बोनोत किसलेली भेंडी घातली, उघड्या पातेल्यात तार अशी सुरेख धरली होती, की मी शेजारणीला दाखवायला बोलवायला गेले. पाचच मिनिटं. परत आले तर सासूबाई गॅसपाशी उभ्या.

“अगं, भेंडी पुसली नव्हतीस का? किती बुळबुळली होती! पण काळजी करू नकोस, मी केलीय दुरुस्त.”

पातेल्यात पाच आमसुलं तरंगत होती. त्यांनी ती येताना रत्नागिरीहून खास माझ्यासाठी आणलेली. शेजारणीने पळी बुडवली, उचलली. सूप टपटप गळलं, साराच्या थेंबांसारखं. तिने पुन्हा एकदा उचलून पाहिलं. मग पळी हळूच ओट्यावर ठेवली, सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि मला दारापर्यंत ओढत नेऊन विचारलं,

“आई किती दिवस आहेत अजून?”